भाडं पाण्यात जातं, असं मी सांगायचो

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ गृहकर्जाच्या टेबलावर. समोर नवं जोडपं येऊन बसलं की माझं वाक्य ठरलेलं असायचं, "भाडं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा हप्ता भरा, घर तरी तुमचं होईल."

हे मी मनापासून सांगायचो. 1992 साली डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं, त्यावरच पुढे मोठं घर झालं आणि म्हातारपणाची चिंता मिटली. सांगायचं राहून जायचं ते एवढंच, की माझं कर्ज स्टाफ लोन होतं. दर सवलतीचा, व्याज साधं, आधी मुद्दल फिटायचं आणि मग व्याज. हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा आणि नोकरी निवृत्तीपर्यंत पक्की. समोरच्या जोडप्याकडे यातलं काहीच नसायचं. कष्टाने घर केलं म्हणून मी मिरवत होतो, पण त्या कष्टांना बँकेची सवलत होती.

2019 च्या सुरुवातीला हाच सल्ला मी घरात दिला. पुतण्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दोघंही आयटीत, वाकडला अठरा हजार भाड्याने राहायचे. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा त्याला." मी सांगितलं. त्याच भागात साडेबासष्ट लाखांचा तयार फ्लॅट ठरला. पन्नास लाख कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता 43,391 रुपये. उरलेले साडेबारा लाख आणि नोंदणीचा खर्च उभा करताना दोघांच्या एफडी मोडल्या, सूनबाईचं सोनं गहाण पडलं. वास्तुशांतीला मी सगळ्यांत पुढे होतो.

वर्षभरात टाळेबंदी आली आणि पुतण्याचा पगार कापला गेला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, ती त्यांनी घेतली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. सहा महिन्यांत जवळपास दोन लाख कर्जावर चढले. पुढे मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्यांच्या कर्जाची मुदत लांबली.

त्याच सुमारास सूनबाईला बंगळुरूची चांगली नोकरी चालून आली. तिने नाही म्हटलं. मी कारण विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "काका, फ्लॅट भाड्याने दिला तर बावीस हजार येतील. वरचा हप्ता, मेंटेनन्स आणि तिकडचं भाडं कुठून आणायचं?"

त्या रात्री मी त्यांच्या कर्जाचा तक्ता काढून बसलो. असे तक्ते मी शेकड्यांनी छापून दिले होते. पहिल्या हप्त्यातले 35,417 रुपये व्याज, मुद्दल फक्त 7,974. वीस वर्षांत पन्नास लाखांचे एक कोटी चार लाख. अठरा हजार भाडं पाण्यात जात असेल, तर हे पस्तीस हजार कुठे जात होते?

म्हणून घर घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालकाच्या फोनची धास्ती असते. मुलाची शाळा सुरू झाली की घर बदलणं नकोसं होतं. आणि भाडं व हप्ता यांतला फरक हॉटेलात आणि नव्या फोनमध्ये उडवणाऱ्याला हप्त्याचीच शिस्त बरी. सक्तीची बचत हा गृहकर्जाचा खरा गुण आहे.

पण आता कुणी विचारलं तर मी वेगळं सांगतो. आधी दोन वर्षं भाड्याने राहा आणि होणाऱ्या हप्त्यातून भाडं वजा करून उरेल ती रक्कम दर महिन्याला आरडीत टाका. चोवीस महिने एकदाही खंड पडला नाही, तर हप्ता तुम्हाला झेपेल. खंड पडला, तर ते बँकेआधी तुम्हाला कळलेलं बरं. घराच्या किमतीबरोबर मुद्रांक शुल्कही धरा. पुण्यात जोडप्याच्या नावावरच्या साडेबासष्ट लाखांच्या घराला ते सात टक्क्यांनी आज 4,37,500 रुपये होतं, शिवाय नोंदणीचे तीस हजार. हे सगळं भरूनही सहा हप्त्यांचे पैसे खात्यात राहत असतील आणि पुढची सात-आठ वर्षं याच शहरात काढायची असं दोघांचं ठरलं असेल, तर खुशाल घ्या. दोघांचं, काकांचं नाही.

सूनबाईचं सोनं मागच्या दिवाळीत सुटलं. बंगळुरूची नोकरी मात्र पुन्हा आली नाही.