सुलट, फक्त सुलट

अम्मीनं उभं आयुष्य मजुरीवर लोकांचे स्वेटर विणले. स्वतःसाठी एकही नाही. आता तिची नजर अधू झालीय. म्हणून गेल्या हिवाळ्यात सुया मी हातात घेतल्या. पुरुषासारखा पुरुष विणत बसलाय म्हणून नातेवाईक हसले. अम्मी हसली नाही. खांद्यांचं माप घ्यायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "आजवर मापं मीच घेत आले रे."

माण तालुक्यातल्या धनगरांकडून दख्खनी मेंढीची लोकर आणली. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही, म्हणून पांढरी निवडली. तुरटीच्या पाण्यात तापवून काही मंजिष्ठात लाल रंगवली, काही हळदीत पिवळी, काही डाळिंबाच्या सालीत खाकी. टकळीवर कातली, तर धागा कुठे सुतळीएवढा जाड, कुठे अगदी बारीक. पीळही जास्त पडला. विणलेला तुकडा तिरका व्हायचा, कडा गुंडाळायच्या.

अम्मीनं तो बोटांनी चाचपला. "एक ओळ सुलट, एक उलट घालतोस ना? सगळ्याच सुलट घाल, बेटा."

घातल्या. दोन्ही बाजू सारख्या आल्या, तिरकेपणा गेला, कडा सरळ राहिल्या. धाग्याचा ओबडधोबडपणाही त्या उंचसखल ओळींत लपला. मधे एक टाका सुटला होता, तो तिनंच न बघता शोधून दिला.

शाल टोचते. हळदीचा रंग उन्हानं विटतोय. अम्मी ती ओढणीवरून पांघरते आणि बोटांनी ओळी मोजत बसते.