चांदीचा शेजार

संगतीने माणूस सुधारतो, असे आम्ही मास्तर लोक मुलांना जन्मभर सांगत आलो. पण धातूंनाही संगतीचा गुण लागतो, हे मला शिकवले माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. पेट्रोरसायनांच्या कारखान्यात तो नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आला, तेव्हा मी सहज विचारले, "काय रे, तिथे दिवसभर तू करतोस तरी काय?"

"सर, पॅलॅडियमला आवरतो," तो म्हणाला.

रसायनशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. त्यामुळे त्याने मला विद्यार्थी केले आणि चकली मोडीत धडा सुरू केला. आपल्या दुधाच्या पिशव्या पॉलिथिनच्या, आणि पॉलिथिन होते इथिलीन वायूपासून. नाफ्था किंवा इथेन वाफेबरोबर ८०० अंशांच्या आसपास तापवला की इथिलीन मिळतो. पण त्यात शेकडा एखादा भाग ॲसिटिलीन मिसळून येतो. कार्बाइडवर पाणी पडले की निघणारा, एके काळी जत्रेतल्या दिव्यांत जळणारा, तोच हा वायू! दिव्यात तो गुणी खरा. पण इथिलीनमध्ये राहिला, तर पॉलिथिन घडवणारा उत्प्रेरक निकामी करतो. म्हणून त्याचे प्रमाण दहा लाखांत पाच भागांच्याही खाली आणावे लागते.

यावर तोड अशी, की ॲसिटिलीनला हायड्रोजनचे दोन अणू जोडून द्यायचे. मग त्याचाच इथिलीन होतो. हे जुळवून आणणारा मध्यस्थ म्हणजे पॅलॅडियम. १८०३ साली हा नवा धातू लंडनच्या एका दुकानात विक्रीला आला, तेव्हा तो शोधणाऱ्या वोलॅस्टनने स्वतःचे नावसुद्धा गुप्त ठेवले होते. धातू मात्र असा संकोची नाही. आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन तो पोटात घेतो, आणि एकदा जुळवू लागला की थांबत नाही. इथिलीनलाही आणखी दोन अणू देऊन त्याचा इथेन करून टाकतो. इथेन हा तृप्त वायू. त्याला कुणाचा हात धरायचाच नसतो. मग पॉलिथिनची साखळी व्हायची कशी?

म्हणून पॅलॅडियमच्या शेजारी चांदी बसवतात. चांदी स्वतः फारसे काही करीत नाही. ती नुसती मध्ये बसते आणि पॅलॅडियमच्या अणूंचा घोळका मोडते. असे सुटे पडलेले अणू ॲसिटिलीनला धरतात; पण तयार झालेल्या इथिलीनला घट्ट धरून ठेवणे त्यांना जमत नाही. तो वेळेवर निसटतो. बाजेलमध्ये लिंडलार याने १९५२ साली अशाच कामासाठी पॅलॅडियमला शिशाची जोड दिली होती. मला यात नवल वाटले नाही. हूड मुलांच्या बाकावर मधोमध एक शांत मुलगा बसवण्याची युक्ती कोणत्या मास्तरला ठाऊक नाही?

पण खरे सांगू? मला त्या पॅलॅडियमचीच अधिक ओळख पटली. हातात तांबड्या शाईचे पेन आणि पुढे मुलांच्या निबंधांच्या वह्या असल्या, की माझेही तसेच होते. पहिल्या दोन दुरुस्त्यांनी निबंध उभा राहतो. पुढच्या चार दुरुस्त्यांना मात्र हात शिवशिवतात, आणि त्या केल्या की निबंध निर्दोष होतो, तृप्त होतो, आणि मुलाचा उरत नाही.

सुदैवाने वह्या तपासताना आमची मंडळी शेजारी भाजी निवडीत असतात. लाडवांचा पाक एकतारी झाला की क्षणभरही न दवडता पातेले उतरवणारी ही बाई. परवा पाचवीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'बाबांनी गाय विकली आणि आमचा गोठा एकदम मोठा झाला.' 'मोठा' खोडून मी वर 'रिकामा' लिहिणार, तोच शेजारून आवाज आला,

"अहो, राहू द्या ते. तिला मोठाच दिसला असेल."

मी पेनाचे टोपण लावले.