येतो म्हणून निघताना

निरोप घेताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, हे वसईच्या आमच्या घरांत आम्हां दोघांनाही लहानपणीच शिकवले गेले. 2008 साली बहारीनमधील एकोणीस वर्षांचा मुक्काम हलवताना मात्र हा शब्द आमच्या तोंडी अडखळू लागला. तिथे नोकरी संपली की निवासाचा परवाना संपतो, ओळखपत्र परत करावे लागते. मग ‘येतो’ म्हणायचे ते कशाच्या भरवशावर?

शेवटचा महिना खोकी बांधण्यात गेला. गल्लीतल्या ‘कोल्ड स्टोअर’च्या (तिकडे वाण्याच्या दुकानाला असेच म्हणतात) मलयाळी मालकाने उधारीची वही काढून आमच्या पानावर आडवी रेघ मारली. दर सुट्टीनंतर आम्ही त्याच्यासाठी वसईची सुकेळी नेत असू. आता सुकेळी कोण आणणार, एवढेच त्याने विचारले. आम्हांस उत्तर सुचले नाही.

आदल्या संध्याकाळी लेकीने किल्ल्यावर जाण्याचा हट्ट धरला. वाटेत गाडी वाळूत रुतली. दोन अनोळखी बहारीनी तरुणांनी ती ढकलून काढली. पोहोचलो तेव्हा काळोख पडत होता. त्या टेकाडाखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या दिल्मून संस्कृतीचे थर आहेत, पण लोक त्यास ‘पोर्तुगीजांचा किल्ला’ म्हणूनच ओळखतात. पोर्तुगीज तिथे 1521 मध्ये आले आणि 1602 मध्ये हुसकावले गेले. आपल्या गावातही असाच किल्ला आहे, असे आम्ही लेकीला उत्साहाने सांगू लागलो. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही घरी चालला आहात. मी घर सोडून चालले आहे.”

तिचा जन्म मनामातला. तिच्या सोळा वर्षांत हे वाक्य आमच्या मनात एकदाही आले नव्हते.

विमानतळावरील अधिकाऱ्याने पारपत्रावर शिक्का मारून ‘मा-अस्सलामा’ म्हटले. सुखरूप जा, एवढाच त्याचा अर्थ. परत येण्याची अपेक्षा त्यात नाही. लेक त्याला मराठीत म्हणाली, “येते.” आम्ही ओशाळलो.

परतल्यावर पहिल्याच रविवारी तिला वसईच्या किल्ल्यात नेले. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या विजयाची कथा आम्ही अभिमानाने ऐकत वाढलो, तो अभिमान आजही आहे. त्या मे महिन्यात तह झाला आणि पोर्तुगीजांना बायकामुलांसह निघून जाण्यास आठवडाभराची मुदत मिळाली. 1534 पासून दोनशे पाच वर्षे ते इथे होते. निघालेल्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजेही इथेच जन्मले असतील. पराभूत म्हणून आम्ही त्यांना ओळखत होतो. घर सोडणारी माणसे म्हणून त्यांचा विचार कधी केला नव्हता. त्या आठवड्यात त्यांनीही काय न्यावे याच्या याद्या केल्या असतील, छाटल्या असतील.

फ्रान्सिस्कन चर्चच्या छप्पर हरवलेल्या भिंतींत, जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. लेक एका शिळेपाशी वाकून झिजलेली अक्षरे बोटाने लावीत बसली.

“ह्यांना नाही नेता आले,” ती म्हणाली.

ऊन चढले तसे आम्ही उठलो. निघताना तिने त्या शिळेकडे वळून हलकेच म्हटले, “येते हं.” या वेळी आम्ही ओशाळलो नाही.