हाडाच्या मुठीचा चाकू

घरांतील लहानसहान वस्तूंची डागडुजी हा विषय मासिकांत लिहिण्याजोगा आहे कीं नाहीं, अशी शंका कोणीं घेतल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. परंतु गेल्या वैशाखांत एका खिशांतल्या चाकूची मूठ सांधतांना आमच्यावर जो प्रसंग आला, तो तीन पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या घरांतील वाचकांस अगदींच परका वाटणार नाहीं, या भरंवशावर आम्हीं लेखणी उचलली आहे.

हा चाकू आमच्या आजोबांचा. बोटभर लांबीचा, दोन पात्यांचा, पात्याच्या बुडाशीं ‘शेफील्ड’ अशीं अक्षरें असलेला. मूठ पिवळसर पांढरी व गुळगुळीत. शाळेंत बोरूनें कित्ता गिरविण्याचा प्रघात होता त्या काळीं आजोबा सकाळीं आमच्या वाईच्या घराच्या ओटीवर बसत आणि पांचहि मुलांचे बोरू याच चाकूनें तासून देत. त्या पांचांपैकीं आज एकट्या आत्याबाई हयात आहेत. वय नव्वदीच्या घरांत, परंतु दृष्टि व जीभ दोन्ही शाबूत. चाकूची मूठ हस्तिदंताची आहे, असें आमच्या घरांत सर्वच मानीत आले. आजोबांच्या पश्चात् तो देवघरांतील फडताळांत गेला आणि दर वर्षीं खंडेनवमीस कातर, हातोडी व विळी यांच्याबरोबर पाटावर बसून गंधफूल घेऊं लागला.

गेल्या वैशाखांत पात्यावर गंजाचे ठिपके दिसले म्हणून आम्हीं तो कढत पाण्यांत बुडवून घांसला, खडखडीत वाळावा म्हणून खिडकींत उन्हाला ठेवला आणि विसरून गेलों. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों खिळ्यापासून निघालेली केंसाएवढी भेग मुठीवर उमटलेली! दोष सर्वस्वी आमचा. तेव्हां दुरुस्तीहि आपल्याच हातानें करावी असें ठरविलें.

भेग किती खोल आहे हें पाहण्यासाठीं भिंग धरलें, तों दुसरेंच कांहीं दिसलें. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. आमच्या मुठीच्या टोंकाशीं तसली जाळी नव्हती; उलट अंगावर बारीक काळपट ठिपके व आंखूड रेघा विखुरलेल्या होत्या. हाडांतील रक्तवाहिन्या ज्या सूक्ष्म नळ्यांतून जातात, त्यांच्या त्या खुणा. म्हणजे मूठ हाडाची. आणि शेफील्डचे कारागीर अशा मुठींस बहुधा गुराच्या नळीचें हाड वापरीत. चाकूसुऱ्यांच्या धंद्याचें तें जुनें शहर. तेथील कारागिरांचा संघच मुळीं १६२४ सालीं कायद्यानें स्थापन झालेला. हाड हस्तिदंताहून पुष्कळच स्वस्त, म्हणून बेताच्या मिळकतीच्या गिऱ्हाइकाच्या वांट्यास तेंच येई. आजोबा शाळामास्तर. त्यांस हस्तिदंत परवडला कसा, हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत आला नाहीं!

आतां पेंच पडला. देवघरांत इतकीं वर्षें पूजिलेली वस्तु गुराच्या हाडाची आहे, हें आत्याबाईंस सांगावें कीं न सांगावें? कठीण निर्णय लांबणीवर टाकून माणूस हाताशीं असलेलें सोपें काम काढतो. आम्हींहि तेंच केलें.

हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा व उरलेला बराचसा चिवट तंतूंचा असतो. हे तंतु ओल पिऊन फुगतात आणि सुकले कीं आक्रसतात. पितळेचा खिळा मात्र तसाच राहतो. म्हणून आक्रसणारी मूठ खिळ्यापाशीं तडकते व भेग हाडाच्या लांबीच्या दिशेनें धांवते. खिळा लोखंडी असून गंजला, तर तोच फुगून हाड फोडतो. अशा वेळीं नखानें हलकेच दाबून तुकडा हालतो कीं काय, हें प्रथम पाहावें. हालत असेल तर काम कारागिराचें. खिळे काढून मूठ पुन्हां बसवावी लागते. आमची भेग स्थिर होती. कोरड्या मऊ ब्रशानें मळ काढला, स्पिरिटाचा बोळा एकदांच ओझरता फिरविला आणि चाकू दोन दिवस सावलींत ठेवला. भेग मिटावी म्हणून मूठ शिकंजांत आवळण्याचा मोह होतो, तो आवरावा. बळानें मिटविलेली भेग शेजारीं दुसरी काढते.

सांधण्यास आम्हीं बाजारांत मिळणारा झटपट गोंद घेतला. मात्र अगदीं पातळ जातीचा. याचें शास्त्रीय नांव सायनोॲक्रिलेट. १९४२ सालीं अमेरिकेंत हॅरी कूव्हर व त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असतां हा पदार्थ सांपडला आणि फार चिकटतो म्हणून बाजूस टाकण्यांत आला. पुढें १९५८ सालीं तोच गोंद म्हणून विक्रीस आला. भेगेच्या दोन्ही कडांस चिकटपट्टी लावून आम्हीं चाकू असा धरला कीं पात्याचा सांधा वर राहील. नाहींतर गोंद सांध्यांत उतरून पातें कायमचें बसतें. सुईच्या टोंकावर थेंब घेऊन तो भेगेच्या तोंडास टेंकविला. वातींत तेल चढावें तसा तो आपोआप आंत ओढला गेला. एक सुकला कीं दुसरा, मग तिसरा. याहून घाई नको. वाफ डोळ्यांस झोंबते म्हणून उघड्या खिडकीपाशीं बसावें. सांडलेला गोंद कापसानें पुसूं नये. कापसाशीं गांठ पडतांच तो तापतो व हात पोळतो. दुसऱ्या दिवशीं वर राहिलेला उंचवटा ६०० व मग १००० नंबरच्या पॉलिश-कागदानें घांसला. हाडाची पूड श्वासांत जाऊं नये म्हणून कागद किंचित् ओला ठेवून नाकातोंडावर फडकें बांधलें होतें. शेवटीं मूठ मेणानें उजळली व सांध्यांत तेलाचा एक थेंब सोडला. मोलाच्या पुराणवस्तूस मात्र हा गोंद लावूं नये. हाडांत मुरल्यावर तो पुरता काढतां येत नाहीं.

वरून मेण भरून भेग झांकणें दहा मिनिटांचें काम होतें. परंतु आंतून पोकळ राहिलेली भेग हवा बदलतांच पुन्हां उघडते, हें ठाऊक असल्यामुळें आम्हीं तो मार्ग सोडला होता. मूठ पुसतां पुसतां मनांत आलें कीं आत्याबाईंच्या बाबतींत आम्ही दहा मिनिटांचाच मार्ग धरीत आहों. तसेच उठलों आणि चाकू व भिंग घेऊन माजघरांत गेलों.

आत्याबाई वाती वळीत होत्या. आम्हीं कढत पाण्यापासून हाडापर्यंत सर्व सांगितलें. त्यांचे हात थांबले. भिंग डोळ्याशीं धरून त्यांनीं ते ठिपके बराच वेळ पाहिले, मग विचारलें, “अण्णांना ठाऊक होतें का रे?”

याचें उत्तर आम्ही काय देणार? परंतु तें त्यांनींच दिलें. “अण्णांनीं हा चाकू कधीं देवघरांत आणला नाहीं. बोरू तासून झाले कीं ओटीवरच्या कोनाड्यांत ठेवायचे, आणि हात धुऊन मग संध्येला बसायचे. आम्हांला वाटे, पोरांच्या हातीं लागूं नये म्हणून वर ठेवतात.” थोडें थांबून त्या म्हणाल्या, “त्यांना ठाऊक होतें. हस्तिदंत म्हटलें आपण. देवघरांत नेला तोहि आपणच, त्यांच्या मागें.”

आम्हीं भीत भीत विचारलें, “मग आतां पूजा बंद करायची का?”

“बंद कशाला? त्या चाकूनें आम्हांला अक्षर आलें. कोनाड्यांत ठेव, जिथें त्यांनीं ठेवला होता. खंडेनवमीला ओटीवर पाट मांड, मात्र निराळा.”

आचार व माया यांच्यांत वाद न घालतां दोघांसहि जागा करून देण्याची ही हातोटी आम्हां पुढच्या पिढीस कितपत साधेल, कोण जाणे. त्या वर्षीच्या खंडेनवमीस ओटीवर निराळा पाट मांडला. भेगेची रेघ अजून दिसते. ती पुरती लपावी असा आमचा हेतूहि नव्हता. आत्याबाई काठी टेंकीत स्वतः आल्या. गंधाची वाटी घेऊन आम्ही मुठीकडे वळतों तोंच त्यांनीं आमचा हात धरला.

“अरे, पात्याला लाव आणि लगेच पूस. मुठीला नको. हाड पाणी पितें म्हणालास ना?”