शेजाऱ्याने दिलेली यादी

मे महिन्यातला मंगळवार होता. नागरिकत्व मिळाल्यानंतरची माझी पहिलीच प्राथमिक निवडणूक. फिलाडेल्फियात आमचं मतदान केंद्र एका शाळेच्या जिममध्ये असतं, आणि दारापर्यंत पोचायचं तर कागद वाटणाऱ्यांच्या रांगेतून जावं लागतं. त्या रांगेत आमचा शेजारी उभा होता. निवृत्त पोलिस, दोन घरं सोडून राहणारा. हिवाळ्यात न सांगता माझ्या दारासमोरचा बर्फ काढून जाणारा. त्याने मला एक जाडसर कार्ड दिलं आणि म्हणाला, "मेयर तू तुझा ठरव. पण जज कोण हे कुणालाच माहीत नसतं. ही आमची यादी."

कार्डावर पोलिसांच्या संघटनेने पाठिंबा दिलेल्या न्यायाधीशपदाच्या उमेदवारांची नावं होती.

आदल्या आठवड्यात डोंबिवलीला बाबांशी फोनवर बोलताना मी म्हणाले होते की इथे न्यायाधीशही निवडून येतात. ते हसले. "म्हणजे सरपंचासारखे?" आपल्याकडे खालच्या कोर्टातला न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतो. तो प्रचार करतोय, हात जोडून मत मागतोय, हे बाबांच्या डोळ्यांपुढे येईना. माझ्याही येत नव्हतं. पण पेनसिल्व्हेनियात कोर्ट ऑफ कॉमन प्लीजचा न्यायाधीश निवडणुकीतून दहा वर्षांसाठी येतो. मधेच जागा रिकामी झाली तर राज्यपाल नेमणूक करतात, आणि नेमलेल्यालाही टिकायचं असेल तर पुढे मतदारांसमोर यावंच लागतं. खून, बलात्कार, बंदूक बाळगणं असे मोठे खटले याच कोर्टात चालतात.

मतपत्रिकेवर या नावांची लांबच लांब रांग असते. त्यात कुणाचं नाव वर येणार हे चिठ्ठीवर ठरतं. इथे वर्षानुवर्षं हॉर्न अँड हार्डार्ट या जुन्या हॉटेलच्या कॉफीच्या डब्यातून उमेदवार आपला नंबर काढत आलेत. वरचा नंबर लागला की अर्धी लढाई जिंकली असं सगळे उघड बोलतात. वकिलांची बार असोसिएशन 'शिफारस' आणि 'शिफारस नाही' असे शेरे देते, पण नंबर चांगला असला तर शिफारस नसलेलेही निवडून आलेत. शहरात डेमोक्रॅट मतदार इतके जास्त की मे महिन्यातच निकाल लागल्यासारखा असतो. पक्षाच्या नमुना मतपत्रिकेवर नाव हवं तर उमेदवाराकडून पक्ष पैशांची अपेक्षा ठेवतो, हेही इथे गुपित नाही. डबा, पैसे आणि मग या याद्या. शिक्षकांची यादी, बांधकाम कामगारांची यादी, पोलिसांची यादी.

माझ्या ऑफिसातली बरीच तरुण मंडळी पोलिसांची यादी जपून ठेवतात. उलटी वापरायला. त्यावर ज्याचं नाव, त्याला मत नाही. तीस सेकंदांत काम होतं. मलाही तसंच करता आलं असतं, पण माझं घोडं दोन ठिकाणी अडलं.

एक म्हणजे आबा. बाबांचे वडील मुंबईत हवालदार होते, नायगावच्या पोलिस लाइनीत राहायचे. १९८२ साली मुंबईच्या शिपायांची संघटना होती. पगार, घरं, आणि साहेबांच्या घरी करावी लागणारी ऑर्डर्लीची कामं, अशा तिच्या तक्रारी होत्या. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. आबांनीही लावली. तीनच दिवसांनी पहाटे नेत्यांना अटक झाली, शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं. संघटना संपली. आबा नोकरीत राहिले, पण त्या दिवसांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. ती फीत मात्र लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या फेट्याखाली सापडली. तेव्हा पोलिसांची संघटना हा शब्द ऐकून नाक मुरडणं मला सहज जमत नाही. शेजाऱ्याची संघटना, फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलिस, १९१५ साली याच राज्यात, पिट्सबर्गमध्ये दोन गस्तीच्या शिपायांनी सुरू केली. कामाचे तास असह्य होते, आणि 'युनियन' म्हटलं तर नोकरी जाईल म्हणून नावात तो शब्दच घेतला नाही. हे वाचलं तेव्हा मला ट्रंक आठवली होती.

दुसरं म्हणजे ज्युरी. त्याच हिवाळ्यात मला ज्युरीचं बोलावणं आलं होतं. दिवसाचे नऊ डॉलर, पार्किंगलाही पुरत नाहीत. खटला बेकायदा बंदुकीचा. आरोपी माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. पुरावा म्हणजे दोन पोलिसांची साक्ष. बंदूक त्यानेच फेकली, आम्ही पाहिलं. पहिला पोलिस म्हणाला गाडीखाली, दुसरा म्हणाला पायऱ्यांपाशी. मागच्या बाकांवर गणवेशातले पाच-सहाजण बसले होते, नुसतेच बघत. उलटतपासणीत दुसरा पोलिस प्रश्न सोडून परिसरातल्या गुन्हेगारीबद्दल बोलायला लागला तेव्हा न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "ऑफिसर, विचारलं तेवढंच सांगा." आवाज चढला नाही. पण मागचे बाक ताठ झाले, हे मला माझ्या जागेवरून दिसलं. शेवटी त्यांनी आम्हाला सूचना दिली की साक्षीदार पोलिस आहे एवढ्याच कारणाने त्याच्या शब्दाला जास्त वजन देऊ नका, आणि कमीही देऊ नका.

ते 'कमीही' खोलीत आम्हाला फार जड गेलं. बाराजणांत दोन-तीन असे होते की त्यांचा पोलिसांवर मुळात विश्वासच नव्हता, आणि दोन असे की त्यांना शंका घेणंच पाप वाटत होतं. दीड दिवस भांडलो. मुलाला सोडलं. त्याने बंदूक फेकली नव्हती असं मी छातीवर हात ठेवून आजही सांगू शकत नाही.

त्या न्यायाधीशबाई नेमणुकीने आलेल्या होत्या. मे महिन्याच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव होतं, बारची शिफारस होती. शेजाऱ्याच्या कार्डावर त्यांचं नाव नव्हतं.

का नव्हतं, हे कार्ड सांगत नाही. कदाचित त्यांनी पाठिंबा मागितलाच नसेल. कदाचित मुलाखत दिली असेल. २००२ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की न्यायाधीशपदाचा उमेदवार कायद्याच्या वादग्रस्त प्रश्नांवर आपलं मत बोलून दाखवू शकतो. अमुक खटल्यात अमुक निकाल देईन असं वचन मात्र देता येत नाही. या दोन्हींच्या मधे जी जागा उरते तिथे या मुलाखती होतात. पोलिसाने झडती कायदेशीर घेतली की नाही, हे ज्युरी नाही, न्यायाधीश ठरवतो. झडती चुकीची ठरली तर पुरावा बाद, बहुधा खटलाही. म्हणजे ज्याचा शब्द रोज तोलायचा, त्याच्याच संघटनेचं कार्ड खिशात घेऊन त्या खुर्चीवर चढायचं. शिक्षकांची यादीही यादीच, पण शिक्षक रोज कोर्टात साक्षीला उभे राहत नाहीत. मला यात खोट दिसते ती एवढीच, आणि ती लहान नाही. आबांना पगारासाठी, घरासाठी संघटना हवी होती. आपला साहेब कोण हे ठरवायचा हक्कही त्यांनी मागितला असता. न्यायाधीश कोण, हे त्यांच्या मनातही आलं नसतं असं वाटतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं मत घालणं सोपं असतं.

मशीनचा पडदा दाराएवढा. मी बाईंच्या नावावर बोट ठेवलं. मग कार्डावरच्या दोघांनाही मत दिलं, कारण बारची शिफारस त्यांनाही होती आणि त्यातल्या एकाने अनेक वर्षं सरकारी खर्चाने गरिबांचे खटले लढवले होते. उलटी यादी वापरणाऱ्यांनी त्याला खोडला असणार. बाकीच्या नावांचं काय केलं ते सांगायला लाज वाटते. वरून खाली येत गेले.

बाहेर शेजारी अजून उभा होता. "यादी उपयोगी पडली?" त्याने विचारलं.

"थोडी," मी म्हणाले.

तो हसला, आणि कार्ड परत मागितलं. कमी पडत होती म्हणे.