समुद्राची बोली

आपल्या भाषेत ‘बोली’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, मुखाने बोललेली भाषा. आणि दुसरा, लिलावात पुकारलेली किंमत. भाषांतराच्या मेजावर ज्यांचे दिवस जातात त्यांना अशा जोडअर्थांची सवय असते. परंतु हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात ह्याचा प्रत्यय मला २०२४ सालच्या नोव्हेंबरात, सिंगापूरहून निघालेल्या एका जहाजावर आला. ती हकीकत वाचकांना सांगावी, आणि ओघाने जहाजावरील खोल्यांच्या एका नव्या प्रकारच्या लिलावाची माहितीही द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आम्ही सहा जण होतो. आई, मी, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुले. मी नोकरीनिमित्त दिल्लीस असते, दादा पुण्यास. आणि आईने आपले वर्ष दोन्ही घरांत वाटून घेतले आहे. तिचे बालपण वेंगुर्ल्याचे. दिल्लीच्या उन्हाळ्यात, गच्चीवरून दिसणाऱ्या धुळीकडे पाहत, “इथे सगळे आहे, एक समुद्र तेवढा नाही,” असे ती कितीदा तरी म्हणे. तेव्हा ह्या वेळी तिला समुद्रच दाखवावा असे दादाने आणि मी ठरविले. चार रात्रींचा प्रवास. वाटेत पेनांग आणि फुकेत ही दोन बंदरे. दादाच्या कुटुंबासाठी एक आणि आई व माझ्यासाठी एक, अशा लगतच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. दोन्ही आतल्या.

ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी ‘आतली खोली’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आजच्या मोठ्या विहार-जहाजांवर खोल्यांचे सामान्यतः चार वर्ग असतात. जहाजाच्या पोटात असलेली बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त. तिच्या वर बंद काचेच्या खिडकीची, तिच्या वर स्वतःचा सज्जा असलेली, आणि सर्वांच्या वर ‘स्वीट’ नावाची प्रशस्त दालने. स्वीट सोडल्यास इतरांना भोजनगृह, करमणूक, पोहण्याचा तलाव ही सारी सारखीच. फरक पडतो तो खोलीच्या ऐसपैसपणाचा आणि मुख्यतः समुद्राच्या दर्शनाचा. आतल्या खोलीत दिवा मालवला की दिवस आणि रात्र ह्यांतील भेद नाहीसा होतो.

तिकिटे काढून झाल्यावर आणि प्रवासाला काही आठवडे उरले असता मला कंपनीची ई-मेल आली. आपणांस वरच्या वर्गातील खोली हवी असल्यास त्यासाठी आपण किती रक्कम देऊ इच्छिता ते कळवावे, असा तिचा आशय. ही रीत विमान कंपन्यांकडून जहाजांकडे आली. आज नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन, सेलेब्रिटी अशा अनेक कंपन्या ती चालवितात. तिच्यामागील व्यवहार सोपा आहे. जहाजाने धक्का सोडला की रिकाम्या खोलीची किंमत शून्य होते. बाजार उठल्यावर उरलेल्या भाजीसारखी तिची अवस्था. मात्र शेवटच्या आठवड्यात सज्ज्याच्या खोलीचे भाडे उघडपणे उतरविले, तर आधी पूर्ण भाडे भरलेले लोक नाराज होतात. त्यापेक्षा आतल्या खोलीतील प्रवाशाला थोडे अधिक घेऊन वर चढवावे, आणि त्याची मोकळी झालेली स्वस्त खोली नव्या गिऱ्हाइकास विकावी, हे अधिक फायद्याचे. म्हणजे एका रिकाम्या खोलीतून दोनदा उत्पन्न.

ह्या बोलीचे नियम मात्र नीट वाचण्यासारखे आहेत. आकडा सामान्यतः माणशी असतो आणि खोली दोघांची धरली जाते. पडद्यावर शंभर दिसले तर द्यावयाचे दोनशे. एकट्याने प्रवास करणाऱ्यालाही बहुधा दोघांचेच पैसे पडतात. ही रक्कम मूळ भाड्यावर वरकड असते. बोली मान्य होईपर्यंत ती बदलता येते, मागेही घेता येते. एकदा मान्य झाली की कार्डावरून पैसे वळते होतात आणि मग माघार नाही. निकाल जहाज सुटण्याच्या एक-दोन दिवस आधीपर्यंतही लागू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वर्ग आपण निवडावा. त्या वर्गातील खोली कोणती, कितव्या मजल्यावर आणि कोणत्या टोकाला, हे कंपनी ठरविते.

‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गेच आपल्या किनाऱ्याला लागला. पण आपल्या परिचयाचा लिलाव चारचौघांत होतो. देवळाच्या आवारात उत्सवानंतर केळीचा घड लिलावात निघाला म्हणजे शेजाऱ्याने किती पुकारले ते ऐकू येते, त्याचा चेहरा दिसतो, आणि कोठे थांबावे ते कळते. जहाजाचा लिलाव लखोटाबंद निविदेसारखा असतो. दुसऱ्याचा आकडा आपल्याला दिसत नाही, आणि आपण जो आकडा लिहू तोच आपल्याला भरावा लागतो. विल्यम विक्रे ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एका निबंधात लखोटाबंद बोलींचा विचार मांडला आहे. जिंकणाऱ्याने स्वतःची नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाची बोली भरावयाची असा नियम असेल, तर प्रत्येकाला आपल्या मनातील खरी किंमत लिहिणेच हिताचे ठरते, हे त्याने दाखविले. १९९६ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जहाजावर तो नियम नाही. म्हणून येथे प्रत्येक जण मनातील किमतीपेक्षा थोडे कमी लिहितो, आणि किती कमी लिहावे ह्या विवंचनेत झोप घालवितो.

माझेही तसेच झाले. पडद्यावर बोटाने सरकविण्याची एक पट्टी होती आणि तिच्या वर घड्याळासारखा काटा. किमान बोली माणशी साठ डॉलरची. तेथे काटा तांबड्या भागात, म्हणजे यशाची आशा थोडी. पट्टी पुढे सरकवावी तसा तो पिवळ्यातून हिरव्याकडे वळे. हा काटा कंपनीचाच, आणि त्याने आपल्याला पुढे ढकलावे ह्यात तिचाच लाभ, हे मला समजत होते. तरी बोट सरकतच होते. सज्ज्याची खोली त्या दिवशी सरळ मागितली असती तर माणशी दोनशेवीस डॉलर अधिक पडले असते. मी पंचाण्णववर थांबले. दोघींचे मिळून एकशे नव्वद. हा सर्व हिशेब मी एका रात्री, आई शेजारच्या खोलीत झोपली असता, एकटीने केला. तिला अचानक आनंद द्यावा असा माझा विचार होता. खोली कोठे मिळेल ह्याविषयीचे वाक्य मी वाचले. पण त्याचा अर्थ मनात उतरू दिला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी बोली मान्य झाल्याचे कळले. सिंगापूरच्या मरीना बे धक्क्यावर उभे असलेले ते पांढरे जहाज एखाद्या आडव्या पडलेल्या शहरासारखे दिसत होते. दादाची खोली आठव्या मजल्यावर, मध्यभागी. आमची नवी खोली चार मजले वर आणि अगदी पिछाडीला. मी दार उघडले, पडदा सारला, आणि बंदरातील उभी जहाजे व त्यांपलीकडचे पाणी एकदम खोलीत आले. आई सज्ज्याचा कठडा धरून बराच वेळ उभी राहिली. मग मागे वळून तिने विचारले, “आणि मुले कुठे आहेत?”

मुले कुठे आहेत हे तिला दाखवावयास मला लिफ्ट आणि लांबलचक बोळ मिळून दहा मिनिटे लागली. आईचा गुडघा दुखरा. रात्री आजीकडून गोष्ट ऐकल्याशिवाय धाकटी झोपत नाही. लगतच्या खोल्या घेतल्या होत्या त्या ह्याच कारणाने, आणि तेच माझ्या ध्यानातून गेले होते. पहिल्या रात्री आई भिंतीच्या कठड्याला धरून एवढ्या लांब गेली, गोष्ट सांगून आली, आणि परत आल्यावर सज्ज्यात न जाता पाय वर घेऊन पलंगावर पडून राहिली. बाहेर मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांचे दिवे दिसत होते. ते मी एकटीने पाहिले.

दुसऱ्या दिवशी पेनांग. तेथे जहाज थेट धक्क्याला लागते आणि चालत जॉर्जटाउन शहरात जाता येते. २००८ साली युनेस्कोने ह्या शहराचा जागतिक वारशात समावेश केला. चिनी व्यापाऱ्यांच्या वाड्यांपासून थोड्याच अंतरावर तमिळ लोकांची वस्ती आणि १८३३ साली बांधलेले महामारिअम्मन देवीचे मंदिर आहे. फुलवालीपाशी आईने अबोलीसारखी फुले शोधली. मिळाला मोगरा, तोच तिने माळला. त्या दिवशी ती आनंदात होती. पण रात्री पुन्हा तोच बोळ.

तिसऱ्या दिवशी फुकेतला जहाज किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभे राहिले, आणि प्रवाशांना नेण्यासाठी छोट्या नावा आल्या. आई पायरीवर थबकली आणि मोठ्याने हसली. “अग, हा तर आपला पडाव!” तिच्या लहानपणी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून सुटलेली आगबोट वेंगुर्ल्यास अशीच पाण्यात उभी राही, आणि पडाव येऊन माणसांना उतरवून नेत. नावेत बसल्यावर मुलांना ती सांगू लागली. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. प्रत्येक बंदरावर कोण चढे, कोण उतरे. “आम्ही डेकवाले. सतरंजी अंथरायची, ट्रंक उशाला घ्यायची आणि आकाश बघत झोपायचे. पैसेवाले खाली केबिनीत. समुद्र आम्हाला फुकट, आणि त्यांना भिंती विकत!”

मला एकदम जाणवले की अर्धशतकात किमती उलट्या झाल्या आहेत. त्या बोटीवर सर्वांत स्वस्त तिकिटाला सगळा समुद्र मिळे आणि पैसे आडोशासाठी मोजावे लागत. आजच्या जहाजावर आडोसा सर्वांत स्वस्त आणि समुद्राचा तुकडा महाग. मी हे आईला बोलून दाखविले. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “किती मोजलेस ग त्या खोलीला?”

मी आकडा सांगितला. आई रागावली नाही. “माझ्यासाठीच मोजलेस ना? मग मला विचारायचे तरी. मी म्हटले असते, मुलांच्या शेजारची खोली सोडू नकोस. समुद्र काय, वर डेकवर गेले की आहेच.”

ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चार भाषांतील शब्दांचे बारीक अर्थ मी रोज तपासते; आणि घरातल्या माणसाला काय हवे हे न विचारताच मी त्याची किंमत लावून मोकळी झाले होते.

“आता घेतलीच आहेस, तर वाया कशाला घालवायची?” असे म्हणून मार्ग आईनेच काढला. त्या रात्री ती खाली गेली नाही; दादा मुलांना घेऊन वर आला. सज्ज्यात खुर्च्या दोनच, म्हणून आम्ही मोठी माणसे दारात उंबऱ्यापाशी बसलो. आईच्या मांडीवर धाकटी, शेजारच्या खुर्चीत थोरला, आणि समोर अंधारात दूर एकेक दिवा हलत चाललेला. गोष्ट अर्थातच वेंगुर्ल्याच्या बोटीची. धाकटी मध्येच झोपली. थोरल्याने मात्र बोट भाऊच्या धक्क्याला लागेपर्यंत आजीला सोडले नाही.

तेव्हा माझे एकशे नव्वद डॉलर बुडाले असे मी म्हणणार नाही. पण अशा बोलीच्या वाटेस जाणाऱ्या वाचकांना अनुभवाचे चार शब्द सांगावेसे वाटतात. आकडा दोघांचा मिळून किती होतो ते आधी पाहावे. तीच खोली सरळ घेतल्यास काय पडेल हे त्याच दिवशी तपासावे. काट्याच्या रंगाकडे पाहून बोट सरकवू नये. मान्य झाली तरी हळहळ नाही आणि नाकारली गेली तरी खेद नाही, असाच आकडा लिहावा. जेथे खोलीची जागा महत्त्वाची असेल, शेजारी आपली माणसे असतील, कोणाचे पाय दुखरे असतील, तेथे बोली लावूच नये. आणि ज्याच्यासाठी बोली लावावयाची, त्याच्याशी आधी बोलावे.

शेवटच्या पहाटे जाग आली तेव्हा आईचा पलंग रिकामा होता. मी वरच्या उघड्या डेकवर गेले. ती तेथे पदर लपेटून बाकावर बसली होती. आतल्या खोल्यांतून आलेली इतर मंडळीही तेथे होती आणि सूर्य सर्वांसमोर सारखाच उगवत होता. पुढच्या वेळी लगतच्या दोन आतल्या खोल्याच घ्यावयाच्या, आणि पहाटे पाचला तिला उठवावयाचे, असे तिने मला तेथेच सांगून ठेवले आहे.