कमीत कमी किती?

बाबांच्या फियाटमधली ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली, पत्रा तपासायला पेचकस टेकवला, तर तो आरपार जाऊन खाली कंपाउंडच्या लादीवर खट्कन वाजला. भोकातून वाकून पाहिलं. खालून एक मुंगळा चालला होता.

२०२३ चा ऑक्टोबर संपत आला होता. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचं आयुष्य त्याच आठवड्यात संपलं. शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, आणि टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. टीव्हीवर ते बघून बाबा काही न बोलता उठले आणि खाली जाऊन आमच्या १९८४ च्या गाडीवरचं कव्हर काढून उभे राहिले. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली आणि उभा जन्म अंधेरी पूर्वेला काढलेली गाडी. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, आमच्या घरात फियाट.

जीपसारखी हिला वेगळी चॅसी नाही. तळ, खांब, दाराखालचे पोकळ उंबरठे असा पत्र्याचा पिंजराच सगळं वजन पेलतो. त्यामुळे तळ सडला की ते हाडाचं दुखणं. मागे एका गॅरेजने सडक्या पत्र्यावरच नवा तुकडा रिव्हेट मारून बसवला होता आणि वरून डांबर फासलं होतं. दोन पावसाळ्यांत आतला पत्रा पापडासारखा झाला. तेव्हाच ठरवलं, हे आपणच करायचं. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते; ओहमचा नियम फळ्यावर इतक्यांदा लिहिलाय, की वेल्डिंग म्हणजे त्याचंच जरा भडक प्रात्यक्षिक असेल, असं वाटलं.

मावसभावाचं ग्रिलचं काम आहे. त्याने त्याचं जुनं इन्व्हर्टर मशीन आणून दिलं. "ताई, २०० ॲम्पिअरचं आहे, रेल्वेचा रूळ जोडशील." रूळ जोडलाही असता. पण फियाटचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. अडीच मिलिमीटरचा रॉड नीट पेटायला साठ-सत्तर ॲम्पिअर तरी लागतात, आणि तेवढ्यात पत्रा लोण्यासारखा वितळतो. रॉड टेकवला की चिकटायचा, ओढून काढला की भोक पाडायचा. रुपयाएवढं भोक बुजवायला गेले ते तासाभरात वाटीएवढं झालं. बाबा वरून, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून म्हणाले, "अगं, बुजवतेयस की खणतेयस?"

त्याच रात्री दोनला जाग आली ती डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी. काळी काच हातात धरायची असते आणि टाका मारताना मी ती दर वेळी क्षणभर उशिरा समोर आणत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळ भाजल्याचं सांगितलं, थेंब दिले. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. साऱ्या वेल्डरांचा तोच उपाय, हे नंतर कळलं. दीड दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिले आणि तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला, की आपल्याला नक्की काय हवंय.

मरोळला एक म्हातारे डेंटर आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. तरुणपणी त्यांनी पद्मिनीचं सगळं काम गॅसवर केलं: एका डब्यात कार्बाइड आणि पाणी, शेजारी ऑक्सिजनचा बाटला, हातात तांब्याचा मुलामा दिलेली सळी. "गॅसने पत्रा जुळतो, पण पोळतो," ते म्हणाले. "पोळलेला पत्रा फुगतो, मग हातोडी घेऊन आठ दिवस त्याची समजूत काढायची. तुम्ही सीओटू घ्या, ताई." वर्कशॉपात मिग वेल्डिंगला कुणी मिग म्हणत नाही. कार्बन डायऑक्साइड वापरतात म्हणून सीओटू. टिगला तसंच आर्गन. आर्गनचा टाका सगळ्यांत सुबक, पण एका हाताने टॉर्च, दुसऱ्याने सळी, पायाने करंट, आणि गंजाचा एक कणही चालायचा नाही. चाळीस वर्षांच्या गाडीखाली उताणं पडून ते व्हायचं नाही.

सीओटूमध्ये तार रिळातून आपोआप येते. तार बारीक, म्हणून कमी करंटवर ठिणगी धरते. उस्तादांनी निघताना एक वाक्य सांगितलं आणि पुढची सगळी खरेदी त्यावर झाली: "दुकानदार जास्तीत जास्त किती ते सांगेल. तुम्ही कमीत कमी किती ते विचारा."

अंधेरीहून हार्बरची गाडी थेट मशीद स्टेशनला जाते. तिथून नागदेवीला चालत. हत्यारं, नटबोल्ट आणि मशिनरीची ती गल्ली मला पुस्तकांच्या दुकानाइतकीच आवडते, हे कबूल करते. पहिल्या दुकानात २०० चं मशीन होतं, दुसऱ्यात २५०, तिसऱ्यात दोन हजारांच्या फरकात थेट ४००. "मॅडम, पुढे वाढवायचं झालं तर?" मी हिशेब मांडला. २०० ॲम्पिअरवर रॉडच्या मशीनची कमान, म्हणजे आर्क, साधारण २८ व्होल्ट मागते, म्हणजे ५,६०० वॉट. मशीनमधली घट धरली तर घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून तीसच्या वर ॲम्पिअर ओढले जाणार. आमच्याकडचा सगळ्यांत जाड सॉकेट एसीचा, सोळाचा. म्हणजे डब्यावरचा आकडा २०० असो की ४००, माझ्या घरात त्याला सोळाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. उलट पन्नास ॲम्पिअरचा सीओटूचा टाका १६-१७ व्होल्टवर होतो. पंख्या-फ्रिजसकट सहज.

"कमीत कमी किती?" असं विचारलं की काउंटरवर शांतता पसरायची. कुणी मशीन उलटं करून पाटी वाचायचं, कुणी "झिरोपासून" म्हणायचं. एकाने मात्र पत्र्याचा तुकडा काढला, ०.८ ची तार लावली, करंट तीसच्या जवळ आणला आणि म्हणाला, "मारा." मी मारला. तव्यावर मोहरी तडतडावी तसा एकसारखा आवाज आला, भोक पडलं नाही. पाटीवर ड्युटी सायकल ६० टक्के होतं, म्हणजे पूर्ण करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार विश्रांती. मला ते बिनमहत्त्वाचं; माझा टाका एका सेकंदाचा. सिंगल फेज, वजन पंधरा किलोच्या आत, गॅसवर आणि बिनगॅसच्या तारेवर दोन्हीकडे चालणारं. घेतलं. लगेजच्या डब्यात मासळीच्या पाट्यांमध्ये बसून ते अंधेरीला आलं आणि दोन दिवस त्याला बांगड्याचा वास होता.

बाटल्याचा प्रश्न राहिला. गॅसचा बाटला म्हटल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींचा चेहराच बदलला. म्हणून आधी बिनगॅसची तार वापरून पाहिली. तिच्या पोटात फ्लक्स असतो, गॅसची गरज नाही, आणि कंपाउंडात वारा घोंघावत असतो तिथे हे सोयीचं. पण ती तार जहाल. पातळ पत्र्यावर पुन्हा भोकं, शिवाय चहूकडे ठिणग्यांचे खडे. शेवटी माशांच्या टाकीतल्या वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड द्यायचा छोटा बाटला मिळाला. तो पाहून सेक्रेटरी निवळले. त्यांच्याकडेही मासे आहेत. रविवारी दहा ते एक, अशी परवानगी मिळाली.

पहिल्या रविवारी टाके गांडुळासारखे पत्र्यावर नुसते बसले, आत गेलेच नाहीत. मशीन, तार, गॅस, सगळ्यांना शिव्या घालून झाल्यावर लक्षात आलं की बिनगॅसच्या तारेसाठी टॉर्च ऋणाला जोडतात आणि गॅसच्या भरीव तारेसाठी धनाला. मी उलटवायला विसरले होते. ध्रुवता हा शब्द मी वर्गात दर वर्षी शिकवते. हे विद्यार्थ्यांना सांगितलेलं नाही.

मग जमत गेलं. बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी उतरवली, सीटं वर घरात नेली, शेजारी ओल्या वाळूची बादली. चांगला पत्रा लागेपर्यंत ग्राइंडरने सडका भाग कापला. भोक दुप्पट झालं, पण त्याच्या कडा खणखणीत. नवा तुकडा साध्या, बिनमुलाम्याच्या सीआर पत्र्याचा. पहिला मी चकचकीत दिसला म्हणून जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, आणला होता, आणि जस्ताच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरला. तुकडा बसवताना फट राहिली की टाका फटीतून खाली गळतो. तेव्हा फेब्रुवारी २०२४ होता, अंधेरीच्या नव्या गोखले पुलाची एक बाजू नुकतीच उघडलेली आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळत नव्हती. माझा तुकडा पहिल्यांदा लावून पाहिला तेव्हा वरून बाबा म्हणाले, "गोखले-बर्फीवाला!" त्यानंतर घरात न जुळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तेच नाव पडलं.

ओळीने वेल्डिंग करायचं नाही. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, हात टेकवता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. जिथे भोक पडेल तिथे मागे तांब्याची पट्टी धरायची. टाका तांब्याला चिकटत नाही. एका रविवारी चाळीस टाके झाले तर खूप. हातात धरायची काच मी कधीच देऊन टाकली होती. आपोआप काळं होणारं हेल्मेट, हातमोजे, क्लॅम्प, ग्राइंडरच्या चकत्या आणि जाड केबल मिळून मशीनच्या निम्मे पैसे गेले. ड्रमवरची केबल पूर्ण उलगडून वापरायची, गुंडाळलेली तापते, हे मात्र आधीपासून माहीत होतं. कुठेतरी भौतिकशास्त्र कामी आलं.

मे महिन्यात उस्ताद रिक्षाने येऊन गेले. गाडीच्या उंबरठ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. "दिसायला वाईट आहे," म्हणाले. "आवाज चांगला आहे." चहा घेऊन गेले.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी बाबा छत्री घेऊन खाली गेले आणि मॅट उचलून बसले. मी जिन्यातच थांबले.

"ओलं आहे," ते म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. खाली वाकून पाहिलं, बोट फिरवलं. जोड कोरडा होता. थेंब वरून येत होता, पुढच्या काचेच्या रबरातून.

"हे वेल्डिंगचं नाही, बाबा."

"मग कशाचं?"

"रबराचं."

"त्याचं मशीन कुठे मिळतं?" असं म्हणत त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि त्या थेंबाखाली पसरला.